हरणाऱ्या संघाला म्हातारा सेंटर कशाला हवा

जुलै २०२४ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या वॉशिंग्टन विझार्ड्सने योनास वालान्चूनास या सेंटरला, म्हणजे रिंगपाशी खेळणाऱ्या धिप्पाड गड्याला, तीन वर्षांच्या करारावर घेतलं, साधारण तीन कोटी डॉलरना. आदल्या मोसमात या संघाने ८२ पैकी १५ सामने जिंकले होते. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी नुकताच ॲलेक्स सार हा एकोणीस वर्षांचा फ्रेंच पोरगा उचलला होता, तोही सेंटरच. आणि लगेच त्याच जागेवर बत्तीस वर्षांचा लिथुआनियन गडी! आमच्याकडे सोलापुरात पहाटे साडेपाचला मोबाईल उशाला टेकवून एनबीए बघणारी जी मूठभर मंडळी आहेत, त्यांच्यात यावरून चांगलीच जुंपली. "अरे बे, पोरगं घेतलंय तर पोराला खेळवा की, ह्या काकाला कशाला घ्यायलेत?" हे एका बाजूचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा मी एकटाच असतो.

वाद काही एका संघापुरता नाही. दर उन्हाळ्यात तळाच्या चार-पाच संघांपुढे हाच प्रश्न येतो. पुनर्बांधणीचा हिशोब वरवर सोपा असतो: जुने, महागडे खेळाडू द्यायचे, त्यांच्या बदल्यात पुढच्या ड्राफ्टांमधल्या निवडी गोळा करायच्या, पोरांना मैदानात सोडायचं आणि दोन-तीन वर्षं मार खायचा. मार जितका जास्त, तितकी पुढची निवड वरची. या हिशोबात अनुभवी सेंटर बसत नाही. तो पोरांची मिनिटं खातो, चुकून चार सामने जिंकून देतो आणि वर पगार घेतो तो वेगळाच. सामना जिंकणं इथे तोट्यात धरलं जातं, ही गोष्ट क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला समजावताना माझी नेहमी तारांबळ उडते.

तरीही असा सेंटर घ्यावा, असं माझं मत आहे. मात्र ज्या कारणांसाठी तो सहसा घेतला जातो, त्यांसाठी नव्हे. "पोरांना वळण लागेल" हे कारण मला अर्धवट वाटतं. "फेब्रुवारीत विकला की दोन निवडी हाती येतील" हे तर त्याहून तोकडं. पुनर्बांधणीच्या तीन-चार वर्षांत संघाला खरं काम एकच असतं: जमवलेल्या पाच-सहा पोरांपैकी कुणाला ठेवायचं, कुणावर मोठा करार लावायचा आणि कुणाला वेळीच सोडायचं हे ओळखणं. सेंटरची जागा पोकळ असेल तर ही ओळख पटतच नाही. आमच्या पूर्व भागात यंत्रमागावर ज्यांनी उमेदवारी केली आहे, त्यांना हे फोडून सांगावं लागणार नाही. ताणा ढिला असेल तर चादरीतला दोष विणणाऱ्याचा की मागाचा, हे कसलेल्या मुकादमालाही सांगता येत नाही.

सेंटरच का, हा पुढचा प्रश्न. अनुभवी गार्ड (चेंडू पुढे नेणारा) घ्या, फॉरवर्ड (बाजूने खेळणारा) घ्या. जरूर घ्या. पण सेंटरचं काम असं आहे की त्यातला बराच भाग दुसऱ्याच्या नावावर जमा होतो, आणि त्याने ते केलं नाही तर दोषही दुसऱ्याच्याच माथी बसतो.

पिक अँड रोल ही आजच्या खेळातली रोजची चाल घ्या. चेंडू गार्डच्या हातात. सेंटर पुढे येतो आणि गार्डला राखणाऱ्या माणसाच्या वाटेत आडवा उभा राहतो; यालाच स्क्रीन म्हणतात. यात कोन दोन वितींनी चुकला तर राखणारा अलगद निसटतो आणि पुन्हा गार्डच्या पुढ्यात येतो. सेंटर क्षणभर आधी हलला तर फाऊल. पाय रोवून उभं राहायचं, धक्का छातीवर घ्यायचा आणि धक्का बसताबसता वळून रिंगकडे सुटायचं, असं ते काम आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला धक्का घ्यायच्या आधीच सुटायची घाई असते, कारण टाळ्या रिंगपाशी पडतात. पडद्यावर आपल्याला काय दिसतं? गार्डला जागा काढता आली नाही, अडकला, चेंडू गमावला. आकडे लिहिणारा 'टर्नओव्हर' गार्डच्या नावावर टाकतो. असे शंभर टर्नओव्हर झाले की व्यवस्थापन म्हणतं, या पोराला निर्णय घेता येत नाहीत.

बचावात हे आणखी ठळक होतं. पाचांपैकी सेंटरलाच तेवढं सगळं मैदान समोर दिसतं. गार्डची नजर चेंडूवर आणि पाठ स्क्रीनकडे असते. डावीकडून येते आहे की उजवीकडून, हे मागच्या माणसाने ओरडून सांगायचं असतं. सांगून झालं की पुढच्या अर्ध्या सेकंदात त्यानेच ठरवायचं: मागे सरकून रिंग राखायची की पुढे येऊन चेंडू अडवायचा. २००१ पासून एनबीएत बचावातल्या तीन सेकंदांचा नियम आहे. कुणाला जवळून न राखता रिंगखाली नुसतं ठाण मांडलं तर दंड बसतो, म्हणून आत-बाहेर पाय टाकत राहावं लागतं, तेही तोंडाने हाका देत. नवखे सेंटर यातलं सगळ्यात आधी काय सोडतात, तर हाका. उडी मारणं, चेंडू थोपटून प्रेक्षकांत घालवणं त्यांना जमतं, तोंड उघडणं जमत नाही.

आमच्या इथल्या एका सिमेंटच्या कोर्टावर संध्याकाळी चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ येतात. पोरं त्यांना अण्णा म्हणतात. गुडघ्याला पट्टा, उडी आता वीतभर, धावायला लागले की दोनदा कमरेवर हात. एकदा अकरावीतला एक गार्ड बचाव करताना सारखा मान वळवून मागे बघत होता, स्क्रीन कुठून येते म्हणून, आणि त्याने मान वळवली की चेंडूवाला त्याच्या बगलेतून पसार होत होता. अण्णा मागून ओरडले, "मागं बघू नको बे, मागं मी हाय. डावीकडनं येतंय, डावीकडनं!" त्यानंतर खेळ संपेपर्यंत त्या पोराने मान वळवली नाही. चेंडूवाल्याच्या छातीला छाती लावून असा काही नाचला की बाजूला बसलेले मोबाईल खाली ठेवून बघायला लागले. अण्णा बूट सोडून घरी गेले, दुसरा डाव सुरू झाला आणि मान पुन्हा वळायला लागली. आता हा पोरगा बचावात चांगला की वाईट? मला विचाराल तर चांगला. पण अण्णा ज्या संध्याकाळी आलेच नाहीत, त्या संध्याकाळी निवड चाचणी असती तर तो पहिल्या फेरीतच गळला असता.

मोठ्या मैदानावर हेच घडतं, फक्त रकमा मोठ्या. स्टीव्हन ॲडम्सकडे बघा. ह्यूस्टनने त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतलं तेव्हा तो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून उठत होता. त्या मोसमात तो त्यांच्याकडून एकही सामना खेळला नाही. पुढच्या मोसमात सामन्याला चौदाएक मिनिटं. बचावाच्या बाजूला त्याचा रस स्वतः रिबाऊंड, म्हणजे हुकून परतलेला चेंडू, घेण्यापेक्षा समोरच्या धिप्पाड माणसाला कमरेने रेटून बाहेर ठेवण्यात जास्त. चेंडू पडतो शेजारच्या पोराच्या हातात आणि आकडा त्या पोराच्या नावावर. २०२५ च्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) गोल्डन स्टेटविरुद्ध सहाव्या सामन्यात प्रशिक्षक इमे उडोकाने त्याला तरुण अल्पेरेन शेंगुनच्या जोडीला तीसएक मिनिटं खेळवलं. ॲडम्सने १७ गुण केले आणि ह्यूस्टन जिंकलं. सातवा सामना हरले, ते सोडा. तोवर ह्यूस्टन पुनर्बांधणीतून बाहेर आलं होतं, हेही मान्य. पण दोनच वर्षांपूर्वी २२ सामने जिंकणारा हा संघ २०२४-२५ मध्ये ५२ वर पोचला, त्याची सुरुवात २०२३ च्या उन्हाळ्यात फ्रेड व्हॅनव्हलीट आणि डिलन ब्रुक्स या अनुभवी खेळाडूंना घेण्यापासून झाली. पोरं तीच होती. शेंगुन तोच होता. त्याच्याभोवती आपापली जागा धरून उभे राहणारे लोक आले, आणि मग कळलं की हा पोरगा ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक उत्तमांपैकी, आहे.

उलट उदाहरण फिलाडेल्फियाचं. ते अमेरिकेत इतकं चघळून झालंय की पुन्हा काढायला संकोच वाटतो, पण सेंटरच्या अंगाने त्याकडे फारसं कुणी बघत नाही. २०१३ ते २०१६ या काळात सॅम हिंकीच्या हाती कारभार होता आणि हरणं हे धोरण होतं. लागोपाठ तीन ड्राफ्टांत त्यांनी तीन सेंटर मिळवले: नर्लन्स नोएल, जोएल एम्बीड, जहलील ओकाफोर. एम्बीड पायाच्या दुखण्याने पहिली दोन वर्षं खेळलाच नाही. २०१५-१६ च्या मोसमात पहिले १८ सामने हरून झाल्यावर संघाला पहिला विजय मिळाला. मोसम संपला १० विजय आणि ७२ पराभवांवर. ओकाफोरने त्या वर्षी सामन्याला सरासरी १७.५ गुण केले. पहिल्या वर्षाला हा आकडा कुणालाही आवडेल. पण त्या आकड्याचा अर्थ काय? चांगल्या संघातही तो एवढे करेल, की चेंडू द्यायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून झाले? त्याच्या शेजारी नोएल चांगला दिसत नाही, तो नोएलचा दोष, ओकाफोरचा, की दोघांना एकत्र उभं करणाऱ्याचा? संघापाशी उत्तर नव्हतं, कारण उत्तर कळेल अशी मांडणीच नव्हती.

डिसेंबरमध्ये त्यांना दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी मोजून इश स्मिथ हा गार्ड आणावा लागला, जो आदल्या मोसमात त्यांच्याकडेच होता. जानेवारीत जवळजवळ निवृत्त झालेल्या छत्तीस वर्षांच्या एल्टन ब्रँडला बोलावलं. तो १७ सामने खेळला. वरातीमागून घोडं. नोएल आणि ओकाफोर दोघेही २०१७ मध्ये मातीमोल भावाने गेले. एम्बीड पुढे २०२३ चा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) ठरला, म्हणून कुणी म्हणतं की हरलेलं सगळं वसूल झालं. एम्बीड वसूल झाला. बाकीच्या दोन निवडी, त्याही पहिल्या सहांतल्या, पाण्यात गेल्या, आणि त्या पोरांत मुळात काय होतं हे आज कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. जाता जाता: तोच एल्टन ब्रँड २०१८ मध्ये त्या संघाचा जनरल मॅनेजर झाला.

मिनेसोटाने त्याच २०१५-१६ च्या मोसमात उलटं केलं. आदल्या वर्षी १६ सामने जिंकलेला संघ, पहिल्या क्रमांकावर उचललेला कार्ल-अँथनी टाउन्स, आणि त्याच्या शेजारी एकोणचाळीस वर्षांचा केव्हिन गार्नेट. गार्नेट खेळला ३८ सामने, तेही पंधराएक मिनिटं. संघाने २९ जिंकले. टाउन्स एकमताने वर्षातला सर्वोत्तम नवखा ठरला. ते श्रेय मी गार्नेटला देत नाही. टाउन्स वाळवंटातही चमकला असता. पण मिनेसोटाला आपल्या हाती काय लागलंय हे पहिल्याच वर्षी कळलं.

आता विरोधकांचा हुकमी एक्का, ओक्लाहोमा सिटी. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाकडून अल हॉरफर्डला घेतलं. चौतीस वर्षांचा, बोलका, पास देणारा, मी वर वर्णन केला तसाच सेंटर. २८ सामने खेळवून मार्च २०२१ मध्ये त्याला सांगितलं, आता बस. दुखापत नाही, भांडण नाही; पोरांना मिनिटं द्यायची होती. संघ २२ विजय आणि ५० पराभवांवर संपला. चार वर्षांनी, २०२५ मध्ये, तोच संघ विजेता. झालं की नाही सिद्ध, असं मला सकाळी सकाळी मेसेज येतात.

थोडं उलगडून बघू. हॉरफर्डला बसवून जे पराभव कमावले, त्यांतून मिळाली सहावी निवड, जॉश गिडी. चांगला खेळाडू, पण विजेत्या संघात तो नव्हता. २०२४ मध्ये त्याला देऊन त्यांनी ॲलेक्स करूसो आणला, तिशीतला अनुभवी बचावपटू. संघाचा कणा शे गिल्जस-अलेक्झांडर २०१९ च्याच एका देवघेवीतून आलेला. जेलन विल्यम्स बाराव्या निवडीतून, तीही क्लिपर्स या दुसऱ्या संघाची. चेट होल्मग्रेन तेवढा त्यांच्या स्वतःच्या हरण्यातून आला, पुढच्या वर्षी. आणि २०२४ मध्ये ५७ सामने जिंकूनही डॅलसपुढे प्लेऑफमध्ये अडकल्यावर त्यांनी काय केलं? आयझेया हार्टनस्टाईनला तीन वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख डॉलर मोजले. धक्के घेणारा, स्क्रीन लावणारा, चेंडू फिरवणारा सेंटर. वयाने सव्वीस, म्हातारा म्हणवत नाही, पण काम तेच. शिवाय पुनर्बांधणीच्या सगळ्या काळात माईक मुस्काला हा मुरलेला सेंटर त्यांच्या बाकावर होताच, आणि २०२१-२२ मध्ये डेरिक फेव्हर्सही. ओक्लाहोमाने हॉरफर्डला बसवलं तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं, मुस्कालाला ठेवलं ते कुणाच्या लक्षात नाही.

त्याच व्यवहारातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हॉरफर्डबरोबर ओक्लाहोमाला फिलाडेल्फियाची २०२५ ची पहिल्या फेरीची निवड मिळायची होती; अट एवढीच की ती पहिल्या सहांत लागली तर फिलाडेल्फियाने ठेवून घ्यायची. फिलाडेल्फिया लॉटरीत, म्हणजे निवडींचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत, तिसऱ्या क्रमांकावर आला आणि ती निवड त्या वर्षी ओक्लाहोमाच्या हाती लागलीच नाही. कागदावरच्या निवडींवर इमले बांधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. स्वतः हॉरफर्ड? बोस्टनला गेला आणि २०२४ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, विजेता झाला.

हरण्याचा मोबदलाही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०१८ पर्यंत तळाच्या संघाला पहिल्या निवडीची २५ टक्के संधी असायची. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, १४ टक्के. मे २०२५ च्या लॉटरीत डॅलसने १.८ टक्के संधीवर पहिली निवड पटकावली. सगळ्यात कमी, १७ सामने जिंकलेला युटा पाचव्या क्रमांकावर घसरला, १८ जिंकलेला वॉशिंग्टन सहाव्या. दोघांनाही नियमानुसार जितकं खाली जाता येतं तितकं खाली. त्याच युटाला मार्चमध्ये लीगने लॉरी मार्कानेनला नियम मोडून बसवल्याबद्दल एक लाख डॉलर दंड केला होता. अनुभवी सेंटरमुळे चार सामने जास्त जिंकले असते, तर युटाचं नक्की काय बिघडलं असतं?

डेट्रॉइटचं उदाहरणही माझ्यावर फेकलं जातं. २०२३-२४ मध्ये लागोपाठ २८ पराभव, एका मोसमातला विक्रम, एकूण विजय १४. पुढच्या वर्षी ४४. त्यांनी घेतलेले अनुभवी लोक म्हणजे टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर. एकही सेंटर नाही. खरं आहे. त्यांच्याकडे जेलन ड्युरेन आणि आयझेया स्टुअर्ट होते, दोघे तरुण पण तोवर काही मोसम मार खाऊन तयार झालेले. भोक जिथे आहे तिथे ठिगळ लावावं; डेट्रॉइटचं भोक नेमबाजांचं होतं.

एका ठिकाणी मात्र मी माघार घेतो. संघाचं भविष्य ज्याच्यावर उभं आहे तो पोरगा स्वतःच सेंटर असेल, आणि असामान्य असेल, तर त्याच्या जागेवर दुसरा उभा करू नये. सॅन अँटोनियोने २०२३ च्या मोसमाची सुरुवात विक्टर वेम्बन्यामाला फॉरवर्ड म्हणून खेळवून केली. सेंटरला झॅक कॉलिन्स. हेतू चांगला होता, पोराच्या अंगावर दांडगे लोक येऊ नयेत. झालं असं की रिंगपाशी ज्याने उभं राहायचं तो कोपऱ्यात नेमबाज राखत बसला, आणि संघ लागोपाठ १८ हरला. डिसेंबरमध्ये त्याला सेंटरला आणलं आणि खेळच बदलला. विजय फार वाढले नाहीत, मोसम २२ वरच संपला, पण वेम्बन्यामा कोण आहे हे साऱ्या जगाला दिसलं. पुढच्या उन्हाळ्यात सॅन अँटोनियोने अनुभव विकत घेतला तो गार्डच्या जागी: एकोणचाळीस वर्षांचा ख्रिस पॉल, जो सगळे ८२ सामने खेळला. २०२५ मध्ये मग ल्यूक कॉर्नेट हा तिशीतला सेंटर आला, वेम्बन्यामाच्या जागेवर नाही, त्याच्या मागे. इथे क्रम महत्त्वाचा होता. पण वेम्बन्यामा दर वर्षी जन्माला येत नाहीत, आणि आपला प्रत्येक सात फुटी पोरगा वेम्बन्यामाच आहे असं धरून चालणारे मॅनेजर पुष्कळ.

पैशाचा मुद्दा झटपट संपवतो, कारण त्यात दम नाही. दहा किंवा जास्त वर्षं खेळलेल्याचा किमान पगार २०२४-२५ मध्ये सुमारे ३३ लाख डॉलर होता. एका वर्षाचा किमान करार केला तर संघाच्या खात्यात त्यातले २१ लाखांच्या आसपास धरले जातात, वरचा फरक लीग भरते. जुना खेळाडू महाग पडतो म्हणून कुणी त्याला डावलू नये, एवढ्यासाठीच ही सोय. वर संघाने पगारावर कमाल मर्यादेच्या निदान ९० टक्के तरी खर्च करायलाच हवेत, असा नियम आहे. पोरांचे पगार कमी असतात. पैसा कुठेतरी घालायचाच आहे.

ही लीगने केलेली सोय मला आपल्याकडच्या संदर्भात फार बोचते. सोलापुरातल्या कुठल्याही क्लबाची पुनर्बांधणी दर जूनमध्ये होते, आणि ती कुणी ठरवून करत नाही. बारावी झाली की उंच पोरगं इंजिनिअरिंगला पुण्याला जातं; मागे राहिलेलं डिग्री हातात पडली की हिंजवडीच्या वाटेला लागतं. कोर्टावर कायम सतरा-अठरा वर्षांचीच पोरं. शालेय स्पर्धांचे १४, १७, १९ वर्षांखालचे गट सोडा, तिथे अण्णांचं काम नाही. पण खुल्या गटात, जिथे वयाची अट नाही, तिथेही संघ निवडायला बसलं की एकच सूर लागतो: नवी पोरं घ्या, अनुभव मिळेल. बारा जागांत बारा पोरं. अनुभव मिळतो तो पहिल्या फेरीत चाळीस गुणांनी हरण्याचा, आणि परतीच्या एसटीत कोण चुकलं यावर भांडण्याचा. बारावा पोरगा पाच मिनिटंही खेळलेला नसतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बारावी जागा अण्णांना दिली तर एका पोराचं प्रमाणपत्र हुकतं, आणि क्रीडा कोट्यातून नोकरीची आशा धरून बसलेल्या घरात त्या कागदाला किंमत असते. मान्य. ज्या स्पर्धेचं प्रमाणपत्र पुढे कामाला येतं, तिथे पोरगाच न्यावा. पण निमंत्रितांच्या स्पर्धा, गणेशोत्सवातले, शिवजयंतीचे सामने यांत कागदाला कोण विचारतो? तिथे अण्णा संघात हवेत, सामन्याला दहा मिनिटं का होईना. आणि निवड चाचणीच्या दिवशी तर हवेतच, दोन्ही बाजूंना आळीपाळीने, म्हणजे गार्ड कोण खरा हे तरी कळेल. सध्या चाचणीत नजर जाते ती जो स्वतः चेंडू घेऊन सुसाट जातो त्याच्याकडे. उंटावरून शेळ्या हाकणारे अमेरिकेतच असतात असं नाही.

वालान्चूनासचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. वॉशिंग्टनने त्याला बहुतेक सामन्यांत बाकावरून उतरवलं, वीसेक मिनिटं. सुरुवातीची मिनिटं सारला. इथपर्यंत चोख. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये, कराराला वर्षही पुरं झालेलं नसताना, त्याला सॅक्रामेंटोला देऊन टाकलं. बदल्यात एक तरुण खेळाडू आणि दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी. रिचॉन होम्स हा दुसरा अनुभवी सेंटर हाताशी होता म्हणून निभावलं. संघाने मोसमात १८ जिंकले. आमच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या: बघा, घेतला आणि दोन निवडींना विकला.

दुसऱ्या फेरीतून उचललेल्यांपैकी बहुतेक जण एनबीएत फार काळ टिकत नाहीत, हे त्याच मंडळींना तोंडपाठ आहे. वालान्चूनासला जिंकणाऱ्या संघात जायचं असेल तर त्याला अडवू नये, त्याच्या गुडघ्यांत मोजकीच वर्षं उरली आहेत. पण मला त्या खुर्चीत बसवलंत तर मी करार एका वर्षाचा करेन, सामन्याला पंधरा ते अठरा मिनिटं ठरवून देईन, त्यातली निम्मी मुख्य गार्डच्या जोडीने, आणि फेब्रुवारीत तो निघालाच तर त्याच आठवड्यात दुसरा शोधेन. मोसमाचे उरलेले तीसेक सामने असतात, आणि कुणाला ठेवायचं हे ठरवताना जूनमध्ये डोळ्यासमोर तेच सामने असतात.